चिचुंद्रीच्या लाळेत काय असतं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या पंचवटीतल्या घरी मोरीच्या तुटक्या जाळीतून चिचुंद्री शिरली. आधी तिचा वास आला, मग ती दिसली. भिंतीला अंग घासत, लांबट नाक वर करून हुंगत ती गॅसच्या सिलिंडरमागे गेली आणि तिथे बसून ची-ची करायला लागली. मी कुंचा घेऊन वाकलो, तशी आई ओट्यापाशून ओरडली, "हात घालू नकोस रे, विषारी असते ती!"

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर. "अगं, विषारी असायला ती साप आहे का? सस्तन प्राणी विषारी नसतात," असं मी ठणकावून सांगितलं. आता कबूल करतो, त्या दिवशी आम्ही दोघंही चुकलो होतो. आई त्या एका चिचुंद्रीबद्दल चुकली होती, मी अख्ख्या सस्तन प्राण्यांबद्दल. हिशेब केला तर माझी चूक मोठी.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक गुंता सोडवू. मराठीत 'विष' हा शब्द धोतऱ्यालाही चालतो आणि नागालाही. पण आपली क्रियापदं जास्त हुशार आहेत. धोतरा बाधतो, नाग डसतो, विंचू नांगी मारतो. लग्नातल्या जेवणातून होते ती विषबाधा, बांधावर होतो तो सर्पदंश. बाधणारं विष आपण स्वतःच तोंडावाटे आत घेतो किंवा ते अंगाला लागतं. दंशाचं विष मात्र प्राण्याच्या अंगात तयार होतं आणि दात, नांगी किंवा काट्यातून दुसऱ्याच्या शरीरात टोचलं जातं. इथून पुढे विष म्हणजे हे दुसरं, टोचलं जाणारं.

चिचुंद्रीला उंदीर समजायची सवयही सोडून द्या. उंदराचे पुढचे दात छिन्नीसारखे, कुरतडायला. चिचुंद्रीचे दात बारीक आणि टोकदार, किड्यांचं कवच फोडायला. तिचे खरे नातेवाईक म्हणजे अंगाचा काटेरी चेंडू करणारा हेजहॉग आणि जमिनीखाली बोगदे खणणारा मोल. ह्या कुळाला पोट भरायची घाई फार. अंग इवलंसं, त्यातून उष्णता सतत निसटते, म्हणून दिवसभर खात राहावं लागतं. काही जाती दिवसाकाठी स्वतःच्या वजनाइतकं खातात. आमच्या घरी आलेलीसुद्धा झुरळांसाठीच आली होती, त्या अर्थी ती पाहुणी कामाची होती.

आता उत्तर अमेरिकेतली तिची एक बहीण बघा. आखूड शेपटीची, जेमतेम २० ग्रॅम वजनाची. शास्त्रीय नाव ब्लॅरिना. ही गांडूळ, गोगलगाय किंवा स्वतःएवढ्या उंदरालाही चावते आणि भक्ष्य लुळं पडतं. कधीकधी ती त्याला लगेच खात नाही, बिळात नेऊन ठेवते. मारलेलं मांस सडतं, लुळं पडलेलं काही दिवस ताजं राहतं. फ्रीज नसलेल्याने शोधलेला फ्रीजच हा. माणसाला ती चावली तर जीव जात नाही, पण जागा सुजते आणि काही दिवस ठणकते. जपानी संशोधकांनी २००४ साली तिच्या लाळग्रंथीतून उंदराचा जीव घेणारं प्रथिन वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं ब्लॅरिना टॉक्सिन.

ते प्रथिन कुठल्या जातीचं निघालं, ही ह्या सगळ्या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. ते कॅलिक्रेन नावाच्या विकरांच्या कुटुंबातलं आहे. विकर म्हणजे एन्झाइम. ह्या कुटुंबाचं काम प्रथिनं ठरावीक जागी कापणं, तेव्हा कॅलिक्रेन म्हणजे स्वयंपाकघरातली विळी समजा. आणि ही विळी तुमच्या लाळेतही आहे, हे वाचत असताना, आत्ता.

आपल्या शरीरात ही विळी काय चिरते? किनिनोजेन नावाच्या एका मोठ्या प्रथिनातून ती छोटासा तुकडा कापून काढते. त्यातून ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मिळतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो, त्यामुळे रक्तदाब उतरतो. शिवाय तो सूज आणतो आणि ठणका देतो. हवा तेव्हा, हवा तेवढा तयार झाला तर हे सगळं उपयोगाचं असतं. आता हीच विळी धार लावून, भरमसाट प्रमाणात, भक्ष्याच्या अंगात टोचली तर? रक्तदाब कोसळतो, अंगातला जोर जातो, पळणं थांबतं.

ब्रॅडिकायनिनचा शोधसुद्धा विषातूनच लागला. १९४९ साली ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्व्हा आणि त्यांचे सहकारी जाराराका नावाच्या तिथल्या विषारी सापाचं विष कुत्र्याच्या रक्तद्रवात मिसळून प्रयोग करत होते, तेव्हा हा पदार्थ हाती आला. त्याच सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनला अंगात जास्त वेळ टिकवून धरणारे घटक सापडले आणि त्यांच्या अभ्यासातून रक्तदाबावरची कॅप्टोप्रिल ही गोळी तयार झाली. १९८१ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज औषधाच्या डबीत ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' असतं, त्या सगळ्या तिच्या धाकट्या बहिणी. आमच्या बाबांना अशीच एक गोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांत कोरडा खोकला लागला. आई आल्याचा काढा देत राहिली. कारण निघालं ब्रॅडिकायनिन! ही गोळी त्याचा निचरा अडवते, ते साठतं आणि काही जणांना घशात खवखव सुरू होते. डॉक्टरांनी गोळी बदलली, खोकला गेला.

तर घरातल्या विळीचं हत्यार कसं झालं? घरात विळी एकच असेल तर तिच्यावर कुणी प्रयोग करत नाही, ती मोडली तर संध्याकाळची भाजी अडते. पण चुकून दुसरी आली तर? तिला वाटेल तशी धार लावून बघता येते. जनुकांचंही असंच. पेशी डीएनएची नक्कल करताना कधीकधी एखाद्या जनुकाच्या दोन प्रती होतात. एक प्रत घरकाम सांभाळते, दुसरी मोकळी असते. तिच्यात बदल झाले तरी प्राणी मरत नाही, आणि एखादा बदल फायद्याचा ठरला तर तो पुढच्या पिढ्यांत टिकतो. माणसात कॅलिक्रेनच्या अशा १५ बहिणी आहेत, सगळ्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी. वडीलधाऱ्या पुरुषांना प्रोस्टेटसाठी जी पीएसए चाचणी करायला सांगतात, तो पीएसए म्हणजे ह्यांतलीच तिसरी बहीण. विष मात्र आपल्यात एकीचंही झालेलं नाही.

ब्लॅरिनात झालं. तिच्या विकराच्या पात्याजवळ काही तुकडे जादा घुसले आहेत, त्यामुळे ते जास्त वेगाने कापतं. २००९ मध्ये संशोधकांनी ह्या विकराची तुलना मेक्सिकोतल्या एका विषारी सरड्याच्या विषाशी केली. सरड्याचं विषही कॅलिक्रेनसारखंच, आणि बदलही पात्याजवळच्या त्याच भागांत. चिचुंद्री आणि सरडा ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कुणी कुणाकडून शिकलेलं नाही. दोन गावांतल्या दोन लोहारांनी एकाच तऱ्हेच्या पात्याला एकाच ठिकाणी धार लावावी, तसं हे.

इथे मला दिंडोरीच्या मित्राची आठवण होते. त्याच्या भावाला संध्याकाळी द्राक्षबागेत ठिबकची नळी बघायला गेला असताना घोणस चावली. दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टरांनी एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, ती टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. निरोगी माणसाचं रक्त तेवढ्या वेळात गोठतं आणि नळी तिरकी केली तरी हलत नाही. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी कलती केली आणि रक्त पाण्यासारखं काचेवरून घरंगळलं. लगेच एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध, सुरू झालं. तो वाचला, आता घोट्यापर्यंतचे बूट घातल्याशिवाय बागेत पाय टाकत नाही.

घोणशीच्या विषात बरेच घटक असतात. त्यांतले काही रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेला नको तिथे, नको तेवढी जुंपतात. गोठण्याचा कच्चा माल फुकट संपून जातो आणि खरी गरज पडते तेव्हा रक्त गोठत नाही. ह्या घटकांतला एक गट सेरीन प्रोटीएज ह्या कापणाऱ्या विकरांचा आहे. जनुकांची वंशावळ मागे नेत २०२१ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की सापांच्या विषातली ही विकरं आणि सस्तन प्राण्यांच्या लाळेतली कॅलिक्रेन्स एकाच पूर्वज जनुकापासून आली आहेत. साप आणि आपण ह्यांचा सामाईक पूर्वज ३० कोटी वर्षांहूनही आधी होऊन गेला. त्या नळीत जे घरंगळलं, त्यात आपल्याच घराण्यातल्या एका दूरच्या विळीचाही हात होता.

त्याच वर्षी जपानमधल्या ओकिनावा इथल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. त्यांनी हाबू ह्या सापाच्या विषग्रंथीत विषासोबत काम करणारी सुमारे ३,००० जनुकं पाहिली. भराभर प्रथिनं बनवायची तर ती नीट घडी घालून बाहेर धाडणारी यंत्रणा लागते, तिची ही जनुकं. तशीच यंत्रणा सस्तन प्राण्यांच्या लाळग्रंथींतही चालू असते. म्हणजे कारखान्याची इमारत, वीजजोडणी, मालवाहतूक सगळं आधीपासून तयार, फक्त माल बदलायचा. बातम्यांनी मात्र 'उद्या माणूस विषारी होणार' असं करून टाकलं. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

एवढी तयारी असेल तर हा माल पूर्वी कुणी कुणी बदलून पाहिला? कॅरिबियन समुद्रातल्या क्युबा आणि हिस्पॅनिओला ह्या बेटांवर सोलेनोडॉन नावाचा प्राणी आहे. दिसायला भली मोठी चिचुंद्री, वजन किलोभर. त्याच्या खालच्या जबड्यातल्या एका दाताला पन्हळीसारखी खाच आहे आणि लाळ त्यातून वर चढते. त्याच्या नावाचा अर्थच 'खाचेचा दात'. त्याची शाखा बाकीच्या चिचुंद्री-कुळापासून ७ कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत, तो दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. म्हणजे आपला सह्याद्री अजून रस होऊन वाहायचा होता, तेव्हा सोलेनोडॉनचे पूर्वज वेगळ्या वाटेला लागलेले होते. २०१९ मध्ये त्याचं विष तपासलं, तर पुन्हा कॅलिक्रेन! आणि संशोधकांचा निष्कर्ष असा की ते ब्लॅरिनापासून स्वतंत्रपणे घडलं आहे. तिसरा लोहार.

ह्या बिचाऱ्याच्या मुळावर आपल्याकडचं मुंगूसही आलं. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला भारतातली मुंगसं कॅरिबियनमध्ये नेऊन सोडली. उंदीर संपले नाहीत, बेटावरचे गरीब प्राणी मात्र कमी झाले. गंमत म्हणजे मुंगसाने विषाचा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला आहे. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या कुलपात अडकतं, त्या कुलपाचा आकारच मुंगसात थोडा बदललेला आहे, त्यामुळे किल्ली नीट बसत नाही.

आणखी मागे जाऊ, सस्तन प्राणी मुळात नव्हतेच तिथवर. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात २५ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत आपल्या पूर्वजांच्या भावकीतले प्राणी सापडतात. अजून पुरते सस्तन न झालेले, पण सरड्यांच्या वाटेलाही न गेलेले. त्यांतल्या युचॅम्बर्सिया नावाच्या, छोट्या कुत्र्याएवढ्या प्राण्याचं वर्णन रॉबर्ट ब्रूम ह्यांनी १९३१ मध्ये केलं. त्याच्या वरच्या जबड्यात सुळ्यामागे बाहेरून एक मोठा खळगा आहे आणि त्या खळग्यातून सुळ्याकडे उतरणारी पन्हळ आहे. बघताक्षणी वाटतं, इथे विषाची पिशवी असणार. ब्रूम पेशाने डॉक्टर होते, त्यांनाही ग्रंथीच सुचावी ह्यात नवल नाही. २०१७ मध्ये ह्याच्या कवट्यांचं सीटी स्कॅन केलं तेव्हा कळलं, की तो खळगा चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या नळीला जोडलेला आहे. त्यामुळे तिथे संवेदनेशी संबंधित काही अवयव असावा, असाही तर्क करता येतो. विषग्रंथीचा पर्याय बाद मात्र झालेला नाही, आणि माझा कल तिकडेच आहे. तो खरा असेल तर विषारी चाव्याचा हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतला फार जुना पुरावा ठरतो. सापांचा तेव्हा पत्ताही नव्हता.

अडचण अशी की ग्रंथी मऊ असते, तिचा जीवाश्म होत नाही. उरतात दात आणि हाडं. दाताला खाच दिसली की विष, असं म्हणण्याचा मोह फार. कॅनडात सापडलेल्या, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या बायसोनाल्व्हियस ह्या छोट्या प्राण्याच्या सुळ्याला खाच आहे म्हणून २००५ मध्ये त्याला विषारी ठरवलं गेलं. लगेच इतरांनी दाखवलं, की विष नसलेल्या कितीतरी प्राण्यांच्या सुळ्यांना अशा खाचा असतात. नुसत्या दातावरून न्याय करू नये, एवढं त्यातून घ्यायचं.

हाडांत मात्र एक जागा अशी आहे जिथे पुरावा बरा टिकतो, आणि ती तोंडात नाही, पायात आहे. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस तुम्ही चित्रात पाहिला असेल. बदकाची चोच, बीव्हरची शेपटी, अंडी घालणारा. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ ह्यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा कुणी दोन प्राणी एकत्र शिवले आहेत का, अशी त्यांना शंका आली होती. ह्याच्या नराच्या मागच्या पायाच्या घोट्याजवळ पोकळ काटा असतो आणि मांडीकडच्या ग्रंथीतून विष त्यात उतरतं. विणीच्या हंगामात ही ग्रंथी फुगते. म्हणजे विष शिकारीसाठी नसून दुसऱ्या नरांशी मारामारी करायला आहे. माणसाला टोचलं तर ठणका असा की मॉर्फिननेही नीट उतरत नाही. ह्यातली काही प्रथिनं, खरं तर जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांची पुन्हा घडवलेली रूपं आहेत. विळी वेगळी, युक्ती तीच. घरात आधीपासून असलेली वस्तू उचलायची आणि तिला धार लावायची.

२००६ मध्ये काही जीवाश्मतज्ज्ञांनी डायनोसॉरच्या काळातल्या अनेक छोट्या सस्तन प्राण्यांचे घोटे तपासले. एकमेकांपासून दूरच्या शाखांतसुद्धा त्याच जागी तसलंच काट्याचं हाड निघालं. तेव्हा प्रश्न उलटतो. प्लॅटिपस विषारी कसा झाला, हे विचारण्याऐवजी विचारायला हवं, की सुरुवातीच्या सस्तन प्राण्यांकडे हा काटा असेल तर आपला कुठे गेला? प्रत्येक काट्यात विष होतं असं हाडावरून सिद्ध होत नाही, पण काटा आधीचा आणि तो गळून जाणं नंतरचं, हे बऱ्यापैकी पटतं.

बाकीचे दोघे झटपट. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं रक्तपिपासू वटवाघूळ चावलेल्या जागेचं रक्त गोठू नये म्हणून लाळेत औषधी ठेवतं. त्यातला एक घटक पक्षाघातातली गुठळी विरघळवायला वापरून पाहिला, चाचण्यांत मात्र आशेइतका उपयोग झाला नाही. आणि दुसरा स्लो लोरिस, जो आपल्या ईशान्य भारतातही आढळतो. ह्याच्या कोपराजवळ ग्रंथी असते. तो हात वर करून ती चाटतो, लाळेशी मिसळलं की विष तयार, मग चावा. मोबाइलवर ज्या व्हिडिओत गुदगुल्या केल्यावर हा गोंडस प्राणी दोन्ही हात वर करतो आणि खाली बदाम-बदाम येतात, त्यात तो लाडात आलेला नसतो. तो घाबरून विषाची तयारी करत असतो.

सस्तन प्राण्यांच्या साधारण साडेसहा हजार जाती आहेत. त्यांत विष असलेले गट एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. कारखाना तयार असून इतके कमी का? मला पटतं ते उत्तर खर्चाचं. विष बनवायला प्रथिनं लागतात, वापरलं की पुन्हा बनवायला वेळ लागतो, आणि ते चढेपर्यंत भक्ष्य हातातून जाऊ शकतं. ज्याच्याकडे बिबट्याचा जबडा आहे तो विषाच्या भानगडीत कशाला पडेल? जबडा लहान, भूक मोठी आणि समोरचा आपल्याएवढाच असेल, तिथे हा खर्च परवडतो. म्हणून चिचुंद्रीचं कुळ पुन्हा पुन्हा ह्याच वाटेने गेलं. आपल्याकडची घरातली चिचुंद्री मात्र त्या विषारी जातींत मोडत नाही. तिच्या अंगाचा तो उग्र वास बाजूच्या गंधग्रंथींचा, त्याचा विषाशी संबंध नाही. चावली तर जखम साबणाने धुवायची आणि डॉक्टरला दाखवायची, कारण तिच्या तोंडात जंतू असतात.

हे सगळं मी आईला जेवताना, चांगला अर्धा तास खर्चून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. त्या रात्री मोरीची जाळी सरकवून, दिवा मालवून आम्ही त्या बाईंना वाट करून दिली होती, त्यामुळे विषय तसा मिटला होता. पंधरा दिवसांनी पहाटे आईने मला हाक मारून उठवलं. मोरीत एक मोठी चिचुंद्री, तिच्या शेपटीच्या मुळाशी तोंडाने धरून एक पिल्लू, त्याला धरून दुसरं, दुसऱ्याला धरून तिसरं. भिंतीच्या कडेकडेने आगगाडी चालली होती. मी कौतुकाने बघत उभा राहिलो. आईने कुंचा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "विषारी नाहीत म्हणालास ना? मग तूच काढ बाहेर."